लोकर विकायला गुलबर्ग्याला

ठाणाकुशनूरहून आमची बैलगाडी निघाली तेव्हा तिच्यात तीन माणसं, लोकरीची दोन गाठोडी आणि तीन थापा होत्या. गाडी भीमण्णाची. भीमण्णा धनगर म्हणजे माझा लहानपणापासूनचा सवंगडी, शंभरएक मेंढरांचा मालक. त्याची थाप अशी, की गुलबर्ग्याला लोकरीला गिऱ्हाईक चांगलं मिळतं. दुसरा काशिनाथ, तहसील कचेरीतला निवृत्त नकलनवीस (कागदांच्या नकला करणारा कारकून). त्याच्या निवृत्तीच्या कागदावर म्हणे गुलबर्ग्याच्या सुभ्याच्या (विभागाच्या) कचेरीचा एक शिक्का राहिला होता. तिसरी थाप माझी, आणि ती चांगली दोन वर्षांची जुनी होती. मला दिसतं, ही ती थाप.

वाचकांनी आधीच समजून घ्यावं, की या प्रवासवर्णनात देखावे फार नाहीत. माझा डावा डोळा आठ वर्षांपूर्वी एका फिरत्या वैदूच्या सुईनं गेला. मोतीबिंदू उतरवतो म्हणाला आणि डोळाच उतरवून गेला. पुढे उजव्यातही तेच दूध उतरू लागलं. मी गावच्या शाळेत मास्तर. उर्दूची जुनी पुस्तकं मला पाठ होती, त्यामुळे मुलांनी वाचायचं आणि चुकलं की मी कानानं पकडायचं, असं माझं बेमालूम चाललं होतं. पण निजामी गेली आणि एकदोन वर्षांत मराठीची कोरी पुस्तकं शाळेत आली. मुलं काय वाचतात आणि पुस्तकात काय आहे, याचा मला पत्ता लागेना. संक्रांतीनंतर नवे तपासणीसाहेब येणार होते. त्यांनी पुस्तक हातात देऊन ‘वाचा’ म्हटलं की माझी शाळा संपली, आणि त्याच्या मागोमाग उरलेला डोळाही संपणारच होता. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. पुन्हा कुणी सुई घेऊन येईल, याची भीती होती.

तेव्हा मित्र म्हणाले, “चल की गुलबर्ग्याला, सोबत होईल,” आणि मी शाळेतली घालमेल चार दिवस तरी विसरावी म्हणून निघालो. बायकोनं धपाटी आणि शेंगांची चटणी बांधून दिली. गाठोड्यात दोन मऊ जुनी धोतरंही धुऊन घातली. “ही कशाला?” विचारलं तर म्हणाली, “लागतात.” मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

मांजरा नदीपर्यंत दिवस वर आला. थंडीचे दिवस, पाणी गुडघ्याच्या खालीच, पण तळाला गोटे फार. गाडी हलकी करायला आम्ही उतरलो. भीमण्णानं बैलांचा कासरा धरला, मी भीमण्णाच्या घोंगडीचं टोक धरलं आणि काशिनाथनं मागून माझा खांदा धरला. मी पडू नये म्हणून यानं धरलं असावं, असं मला वाटलं आणि जरा रागही आला.

“सोड की, मला चालता येतं,” मी म्हणालो.

“पाण्याला ओढ हाय,” काशिनाथ म्हणाला, आणि त्यानं खांदा आणखी घट्ट धरला. गुडघाभर पाण्याला कसली ओढ असते, हे विचारायचं मी विसरलो.

त्या दिवशीचा मुक्काम भालकीला एका धर्मशाळेत झाला. दुसऱ्या दिवशी दुपारी खटकचिंचोळीच्या शिवारात शिरलो तेव्हा लक्षात आलं, की आज येळवस (मार्गशीर्षातली अमावास्या). आमच्या भागात त्या दिवशी गावात माणूस सापडत नाही. सगळे रानात. शेतात कडब्याची कोप (खोपटी) घालायची, तिच्यात पांडवांचे पाच दगड मांडून पूजा करायची आणि वाटेनं जाईल त्याला जेवायला बसवायचं, अशी रीत आहे. आमची गाडी दिसताच जोंधळ्यातून एक बाप्या हात हलवत धावत आला.

“बर्री, अण्णा, बर्री! ऊटा माड्री!” (या, जेवा!)

“आम्हाला हुमनाबाद गाठायचंय,” मी म्हणालो.

त्यानं लगेच मराठी धरली. “आज येळवस हाय, मास्तर. उपाशी वाटसरू बांधावरून गेला तर माझं पीक मला काय म्हनंल?”

मी मास्तर आहे हे त्याला टोपी आणि छत्रीवरून कळलं असावं. बसलो जेवायला. पत्रावळीवर भज्जी (सगळ्या भाज्या आणि ओल्या तुरीचे, हरभऱ्याचे दाणे घालून केलेली घट्ट आमटी), बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि मडक्यात गार आंबील. मी आंबील तीनदा मागून घेतली. समोर तुरीच्या शेंगा, करडईची फुलं आणि पोपट होते, असं त्या बाप्यानं सांगितलं. मला हिरवा आणि पिवळा असा एक ओला फडका दिसत होता. तरी मी म्हणालो, “वा, काय शिवार बहरलंय!”

भीमण्णानं माझ्या हाताला हात लावून आंबिलीचा लोटा नीट धरवला, एवढंच.

तिसऱ्या दिवशी हुमनाबादेत भीमण्णाच्या ओळखीच्या घरी बैलगाडी सोडून आम्ही मोटारीत चढलो. मोटार इतकी हादरत होती, की माझी टोपी वाटेत दोनदा शोधावी लागली. दुसऱ्या वेळी ती एका बाईच्या कोंबडीखाली निघाली. कोंबडी उठायला तयार नव्हती आणि बाई कानडीतून कोंबडीची बाजू घेत होती. दुपारी तीनच्या सुमाराला गुलबर्गा आलं. तुरीच्या डाळीच्या गिरण्यांचा वास आणि आगगाडीची शिटी यांवरून मला ते कळलं. आम्ही टांग्यात बसलो.

“किधर जाना, साब?” टांगेवाल्यानं विचारलं.

मी म्हणणार होतो, लोकरीच्या अडतीवर. त्याआधी काशिनाथ म्हणाला, “दवाखाने चलो. आंखोंवाला.”

मी टांग्यातून उडी मारायला निघालो. भीमण्णानं मला कमरेला धरून खाली बसवलं. दवाखान्याच्या ओसरीवर माझं तोंड सुटलं. मी म्हणालो की तुम्ही मला फसवलंत, मला लहान पोर समजता काय, माझ्या डोळ्याला काही झालेलं नाही, मला सगळं दिसतं.

“आरं, तू कुनाला फसवायलास?” काशिनाथ म्हणाला. “गावातल्या कुत्र्याला बी ठावं हाय तुला दिसत न्हाई ते. म्हनून तर ते तुझ्या वाटंतून आधीच उठून जायलंय.”

“आणि तुम्हाला? तुम्हाला कधी कळलं?”

भीमण्णा सावकाश बोलतो. त्यानं पान थुंकलं, तोंड पुसलं. लोकांसमोर तो मला ‘मास्तर, तुम्ही’ म्हणतो, तिघंच असलो की ‘तू’. आता तो ‘तू’ म्हणाला.

“दोन वरसं झाली. सकाळी शाळंत जाताना तुझ्या पुढं एडका चालतो का न्हाई? गळ्यात घंटा असलेला?”

चालतो. म्हातारा एडका (मेंढा), रोज सकाळी माझ्या उंबऱ्यापासून शाळेच्या पायरीपर्यंत माझ्यापुढे घंटा वाजवत जायचा. मी त्या आवाजामागं निर्धास्त पावलं टाकायचो. भीमण्णाचा कळप त्याच वेळेला रानात जातो, आपलं नशीब, असं मी दोन वर्षं समजत होतो.

“माझं रान कुठल्या अंगाला हाय, मास्तर?” भीमण्णानं विचारलं.

नदीच्या अंगाला. शाळा गावाच्या दुसऱ्या टोकाला. काशिनाथ रोज संध्याकाळी पारावर हैदराबादचा उर्दू पेपर मोठ्यानं वाचायचा आणि म्हणायचा, मला मोठ्यानं वाचल्याशिवाय समजत नाही. तेही मला त्याच क्षणी उमगलं. मी दोन वर्षं आंधळेपण लपवत होतो, आणि हे दोघं ते आपल्याला ठाऊक असल्याचं लपवत होते.

“मग बोलला का नाहीत?” मी विचारलं.

“तू सांगत नव्हतास. मग आमी कामून इचारावं?” भीमण्णा म्हणाला. मग खाली बघत असावा अशा आवाजात: “आन् माझं तोंड तरी कुठं हुतं? त्या वैदूला गावात मीच आनलं हुतं.”

हे मला माहीत होतं. आठ वर्षांत त्याचा उच्चार मी एकदाही केला नव्हता. खरं सांगायचं तर उजव्या डोळ्याचं मी जे लपवलं, त्याचं निम्मं कारण सुईची भीती आणि निम्मं भीमण्णा. त्याला पुन्हा ती सुई आठवू नये. मी त्याच्यासाठी गप्प, तो माझ्यासाठी गप्प, आणि मधल्या मध्ये डोळा चालला होता. मी म्हणालो, “कुठे आहे तो डॉक्टर?”

डॉक्टर तेलंगणाकडचे, मितभाषी. त्यांनी बत्ती धरून डोळा पाहिला आणि काशिनाथला उर्दूत सांगितलं, मोती पिकलाय, उद्या काढू. पण एकच डोळा आहे, तेव्हा चूक परवडणार नाही. काढताना डोकं केसभरही हलता कामा नये आणि नंतर आठ दिवस उताणं पडून राहायचं, खोकायचं नाही, हसायचं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला टेबलावर घेतलं. औषधाचे थेंब घातले, डोळा बधिर झाला, पण मी बधिर झालो नाही. हत्यार जवळ येतंय असं वाटलं की माझं अंग थरथरायला लागायचं. डॉक्टरांनी तीनदा हात मागे घेतला. मला सगळं समजत होतं, मनाला दटावत होतो, वर्गात पोरांना दटावतो तसं. मान ऐकत नव्हती. शेवटी डॉक्टर म्हणाले, “आज राहू द्या. हा माणूस स्थिर राहत नाही. जबरदस्तीनं केलं तर डोळा जाईल.”

राहू द्या म्हणजे कायमचं राहिलं, हे मला कळत होतं. पुन्हा इथवर यायची हिंमत माझ्यात उरली नसती.

दाराशी भीमण्णा उभा होता. “साहेब, मी डोकं धरतो.”

“जोरानं धरून उपयोग नाही,” डॉक्टर म्हणाले.

“जोरानं मेंढरू बी ऱ्हात न्हाई, साहेब. वरसातनं दोनदा लोकर कातरतो मी. कातर डोळ्याच्या कडंनं फिरती. आजपतुर एकाला बी लागली न्हाई.”

डॉक्टर कंपाउंडरला म्हणाले, “याचे हात धुवून आणा. कोपरापर्यंत, दोनदा.”

भीमण्णा माझ्या डोक्यामागं येऊन बसला. साबणाच्या वासाखालून घोंगडीचा आणि मेंढरांचा वास आला. त्यानं एक तळवा माझ्या जबड्याखाली ठेवला आणि अंगठा कानामागच्या खळगीत. दाबलं नाही. दुसरा हात कपाळावर नुसता टेकवला. मग मेंढरू कातरायला घेतल्यावर काढतो तसा घशातल्या घशात एक आवाज काढायला लागला, न थांबता, एका सुरात. मी तो आवाज लहानपणी त्याच्या वाड्यावर (मेंढरांच्या कुंपणात) शेकडो वेळा ऐकला होता.

“त्या येळी मी लांब हुबा ऱ्हायलो हुतो,” तो माझ्या कानाशी म्हणाला. “बघवंना म्हनून. आता जवळ हाय.”

माझी मान त्याच्या हातात कधी सैल पडली ते मला सांगता येणार नाही. पुढचं काम कुणीतरी लांबून केल्यासारखं वाटलं. “झालं,” डॉक्टर म्हणाले, आणि दोन्ही डोळ्यांवर पट्टी चढली. बाहेर जाताना ते भीमण्णाला म्हणाले, “पुढच्या महिन्यात माझ्याकडे तीन पेशंट आहेत. येतोस का?” भीमण्णा म्हणाला, “कातरणीचा हंगाम नसंल तर येतो.”

तर मंडळी, गुलबर्ग्यात मी जे पाहिलं ते इथपासून पट्टीच्या आतून पाहिलं. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. सकाळी अजान, मग शरणप्पाच्या देवळाकडची घंटा, मग डाळीच्या गिरण्या सुरू. भीमण्णा ज्वारीची पेज चमच्यानं भरवायचा, तीही एका कडेनं, कारण चावायचीसुद्धा मनाई. बायकोनं दिलेल्या मऊ धोतराच्या घड्या माझ्या पाठीखाली गेल्या. त्या का दिल्या होत्या ते आता कळलं. शेजारच्या खाटेवर आळंदकडचे एक अप्पा होते, त्यांच्याही डोळ्यांना पट्टी. त्यांना बघायला कुणी आलेलं नव्हतं. तिसऱ्या दिवसापासून भीमण्णा दोघांनाही भरवू लागला.

काशिनाथला मात्र दवाखान्यानं दोनदा बाहेर काढलं. तो तहसीलदारांच्या नकला करायचा. अप्पा हसायला लागले, खाट हलायला लागली आणि नर्सबाई धावत आल्या. मग त्याला एवढीच परवानगी उरली, की खाटेशी बसून पेपर वाचावा आणि त्यात विनोद घालू नये.

तो रोज वाचायचा. डोळे बांधले की कान रिकामे होतात. चौथ्या दिवशी माझ्या लक्षात आलं, की ही धरणाची बातमी त्यानं परवाच वाचली होती, शब्दन् शब्द. आणि आणखी एक. वाचताना तो पान उलटत नव्हता. पाच-पाच मिनिटं वाचतोय आणि कागदाचा आवाज नाही. आळशी माणूस, जुनाच पेपर घेऊन बसतो, असं म्हणून मी ते सोडून दिलं.

नवव्या दिवशी पट्टी सोडली. आधी नुसता उजेड, पांढरा आणि टोचणारा. मग डॉक्टरांनी डोळ्यापुढं एक जाड काच धरली आणि त्या काचेत एक माणूस उभा राहिला. मिशा पांढऱ्या, कपाळावर उभी खोल रेघ, गालफडं बसलेली. मी दचकलो. मला ठाऊक असलेल्या भीमण्णाच्या मिशा काळ्या होत्या.

“म्हातारा झालास की रे,” मी म्हणालो.

“तू कुठं बगितलंस आरशात अजून,” तो म्हणाला, आणि तोंड फिरवून खिडकीशी जाऊन उभा राहिला. बराच वेळ उभा राहिला. मी त्याला त्या दिवशी जे सांगायला हवं होतं ते सांगितलं नाही. पुरुषांची जात अशी, की आठ दिवस एकमेकांच्या तोंडात पेज घालतील, पण उपकाराचा एक शब्द म्हणणार नाहीत. म्हणून इथं लिहून ठेवतो. भीमण्णा, काशिनाथ, तुम्ही नसता तर मी आज आंधळा असतो, आणि आंधळा असूनही शहाणपणा करत बसलो असतो.

परतीच्या वाटेचं फार वर्णन करत नाही. ऊन लागू नये म्हणून डोळ्यावर हिरव्या कापडाचा पडदा होता, तरी खटकचिंचोळीच्या त्याच बांधावर आम्ही मुद्दाम गाडी थांबवली. त्या बाप्याला मी म्हणालो, तुझी तूर आता खरी पाहिली. त्याला काही कळलं नाही. त्यानं हुरडा भाजून खायला घातला. लोकरीची गाठोडी जशी गेली तशीच परत आली. त्यांची तोंडं सोडायचंसुद्धा कुणाला सुचलं नव्हतं.

दीड महिन्यानं टपालानं चष्मा आला. काचा एवढ्या जाड, की पोरं मला बघून पुस्तकात तोंड लपवून हसली. मी त्यांना हसू दिलं. तपासणीसाहेब उशिरानं आले, त्यांच्यासमोर मी नव्या पुस्तकातलं पान सरळ वाचून दाखवलं. त्या संध्याकाळी ऐटीत पारावर गेलो. भीमण्णा आधीच बसलेला. काशिनाथ आला, ठेचकाळला, भीमण्णाचा खांदा धरून टेकला. मग त्यानं पेपर उघडला आणि वाचायला सुरुवात केली. पंतप्रधान कुठल्याशा गावी गेल्याची बातमी होती.

मी त्याच्या बाजूनं वाकून पाहिलं. पेपराच्या त्या पानावर चहाची आणि केसांच्या तेलाची जाहिरात होती.

मग मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. चष्म्यातून पहिल्यांदाच इतक्या जवळून. दोन्ही बुबुळांत मधोमध तेच दूध. नदीत माझा खांदा घट्ट धरला होता तो कशासाठी, दवाखान्यात पान का उलटत नव्हतं, सगळं समजलं. दुपारी टपालवाल्याकडून पेपर वाचून घेत असणार आणि पाठ करून आम्हाला ऐकवत असणार. माझी उर्दूची पुस्तकं मला पाठ होती, तशीच.

मी भीमण्णाकडे पाहिलं. त्यानं मान अगदी थोडी हलवली. म्हणजे त्याला केव्हाचंच ठाऊक होतं.

“काशिनाथ,” मी म्हणालो, “नवा चष्मा आहे. चार दिवस मला मिरवू दे. आजपासून पेपर मी वाचणार.”

तो कुरकुरला. मग पेपर पुढं केला. “वाच बाबा. माझा घसा बी बसायलाय हल्ली.”

मी वाचलं, सगळा पेपर, तेलाच्या जाहिरातीसकट. घडी घालताना सहज म्हणाल्यासारखं म्हणालो, “पुढच्या थंडीत डॉक्टरला डोळा दाखवायला बोलावलंय मला. एकट्यानं जायला नको वाटतं. येशील का रे, काशिनाथ?”

काशिनाथ उत्तर द्यायच्या आत भीमण्णानं चंची सोडली, पान काढलं, आणि कुणाकडेही न बघता म्हणाला,

“मी बी येतो की. लोकर इकायची ऱ्हायलीच हाय.”